मापं घ्यायला आलेला शिंपी

४ जून

खारुताई,

मामाचा आशीर्वाद घे. आता तू प्राध्यापक झालीस, तेव्हा थोडा नमस्कारही घे.

तुझ्या नेमणुकीच्या पत्राची नक्कल सकाळी आली. मी ती मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा मामीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मी बहिरी नाही, मी भाजी निवडतेय." पण भाजी निवडणारे हात थांबले होते, ते मी पाहिलं.

मला तुझं परकराचं वय आठवलं. माझ्या टेबलाखाली बसून पेन्सिलींची थोटकं, फाटके नकाशे, वापरलेली तिकिटं गोळा करायचीस, म्हणून तर खारुताई. आणि नदीची ती कविता! सगळी घडाघडा म्हणायचीस, पण शेवटचं कडवं गिळायचीस, कारण त्यात होडी बुडते. "मामा, ते कडवं पुस्तकात नाहीच," असं मला सांगायचीस. इतकं धडधडीत खोटं बोलणारी पोर पुढे इतिहासात नाव काढेल असं कुणाला वाटलं असतं?

माझी सगळी नोकरी एका कॉलेजात गेली. तेच तह, त्याच लढाया, त्याच खडूची धूळ. एक पुस्तक झालं नाही हातून. म्हणून तुझं पुस्तक उघडण्याआधी मी हात धुऊन आलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

काल संपवलं. चोवीस वर्षांपूर्वी संपाच्या दिवसांत बर्फाच्या कारखान्यातले सात कामगार गार खोलीत गोठून मेले, आणि चौकशीत "चोरीसाठी आत शिरले, दार अडकले" एवढं लिहून प्रकरण मिटलं. ते दार तू उघडलंस. मुकादमानं बाहेरून अडसर सरकवला आणि दारासमोर खोक्यावर बसून राहिला. आतून आधी मुठी वाजल्या, मग बूट, मग नुसती नखं. हे वाचल्यावर मी पुस्तक पालथं घातलं नि अंगणात जाऊन उभा राहिलो. ऊन होतं, तरी गारठा जाईना.

आणि तो शिंपी! गार खोलीत काम करणाऱ्यांच्या जाड कोटांची मापं घ्यायला आलेला, खांबाआड उभा राहून सगळं पाहणारा. मला ठाऊक आहे की तो शिंपी नाही. नाव लपवलं तरी लोक धंद्यावरून माणूस हुडकतात, म्हणून साक्षीदाराचा धंदाच बदलावा, हे तुला मीच शिकवलं होतं. पण कोट किती चपखल बसवलास! गुरूला शिष्येनं मागं टाकलं की गुरूनं काय करावं? दुपारी झोपावं. तेच करतो.

मामा

१९ जून

मामा,

नमस्कार. पत्र मिळालं. मामीला सांगा, भाजी निवडून झाली असेल तर दोन ओळी तिनंही लिहाव्यात.

मला तुम्हाला एक विचारायचं आहे. धंदा बदलताना तुम्ही काय काय तपासायचात? मी त्या वर्षीची दुकानांची नोंद काढून पाहिली होती. कारखान्यासमोरच्या गल्लीत तेव्हा एकही शिंपी नव्हता. म्हणून तर शिंपी घेतला. त्या गल्लीत नव्हता म्हणजे कुणावर बोट जाणार नाही, असा हिशेब केला.

आता त्या गल्लीत एक शिंपी आहे. चार वर्षांपूर्वी परगावाहून आला. मी त्या गल्लीत कितीदा गेले असेन, पण मी चोवीस वर्षांपूर्वीची गल्ली बघत चालत होते. त्याच्या दुकानावरून गेले, पाटी दिसली असेल, पण वाचली नाही.

तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का? झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

इथे सगळं ठीक आहे.

खारुताई

२५ जून

खारुताई,

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसलो. मामी धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला.

म्हणजे एका जिवंत शिंप्याला तुझ्या पुस्तकानं प्रसिद्धी दिली तर! आता रोज चार माणसं दुकानात डोकावून विचारत असतील, "का हो, तुम्हीच का ते?" आणि बिचारा तोंडात टाचण्या धरून नाही नाही म्हणत असेल. रागावला असेल तुझ्यावर. साहजिक आहे. तू असं कर, त्याच्याकडे जा, दोन शब्द गोड बोल आणि एक चांगला कोट शिवायला टाक. प्राध्यापकाला एक बरा कोट हवाच. इतिहासाची चूक दुरुस्त होईल नि थंडीचीही सोय होईल.

आमच्या वेळी असलं काही होत नसे, कारण आम्ही मेलेल्यांबद्दल लिहायचो, तेही फार जुन्या मेलेल्यांबद्दल. ते फिर्याद करत नाहीत.

तू घाबरलीस का? नवं पद मिळालं की माणसाला आपल्या प्रत्येक ओळीत चूक दिसते. मी व्याख्याता झालो तेव्हा महिनाभर तारखा झोपेत बडबडायचो. मामी उठवून म्हणायची, "लढाई संपली, कुशीवर वळा." तुलाही तसंच झालंय. बागेत जाऊन बस. एखादी जुनी कविता चालीवर म्हण. मी हल्ली संध्याकाळी म्हणतो, शेजारी खिडकी लावून घेतात, तरी म्हणतो.

मामा

२ जुलै

मामा,

मी तुमच्यापासून लपवलं. कसं लिहायचं ते कळत नव्हतं म्हणून "ठीक आहे" लिहिलं. आता लिहिते.

मी तुम्हाला पहिलं पत्र पाठवलं त्याच्या आदल्या दिवशी त्या शिंप्याच्या दुकानात चार जण शिरले. भर दुपारी. मुकादमाची माणसं. त्याला आता कुणी मुकादम म्हणायला नको, अर्ध्या गावची गोदामं त्याची आहेत, पण सगळे अजून तेच म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. पुस्तकातला शिंपी त्याला आठवत नव्हता. मला वाटतं त्यानंच तो जास्त पिसाळला. आपल्या मागे कुणीतरी उभं होतं आणि आपल्याला ते ठाऊकच नव्हतं!

त्यांनी शटर ओढलं. शिंप्याच्या बायकोला कोपऱ्यात कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं. त्याला म्हणाले, "माप घे की आमचं. पाठ आहे ना तुला?" मग इस्त्री लावली. इस्त्री तापेपर्यंत थांबले, मामा. आपसात गप्पा मारत थांबले. कुणाच्या तरी मोटारसायकलच्या ब्रेकबद्दल. इस्त्रीवरचा दिवा विझला तेव्हा त्याचा उजवा हात टेबलावर पालथा धरला आणि इस्त्री ठेवली, त्यावर एक जण कोपरानं रेलून उभा राहिला. "काय पाहिलंस?" तो ओरडत होता, "काही नाही, काही नाही." ते म्हणत होते, "बरोबर. असंच म्हणायचं." नंतर इस्त्री उलटी धरून हातोडीसारखी वापरली.

हे सगळं मला त्याच्या बायकोनं सांगितलं. ती घरी आली होती. दार उघडलं तर तिच्या हातात पिशवी. आत आली, पाणी घेतलं नाही, पिशवीतून कापड कापायची मोठी कात्री काढली. मला वाटलं आता ही मला भोसकते. तिनं ती माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवली.

"ही तुम्ही वापरा," म्हणाली. "त्याला धरायला बोटं राहिली नाहीत. तीन काढली डॉक्टरनं."

मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, आम्ही चार वर्षांपूर्वी आलोय, तेव्हा हा परगावात काजं करायला शिकत होता. तर म्हणाले, शिंपी तर आहे ना?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्हाला बाकी धंदे सुचले नाहीत? तुमचा स्वतःचा धंदा का नाही लिहिला?"

तिला एकच हवं आहे. तो हा नव्हे, असं मी चारचौघांत सांगावं. ते खरंच आहे. पण मी "हा नव्हे" म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, "मग कोण?" खऱ्या माणसाला मी शब्द दिला आहे. तुम्हालाही त्याचं नाव सांगणार नाही. तो त्याच गल्लीत राहतो. रोज शिंप्याचं बंद दुकान बघतो.

काय करू?

खारुताई

७ जुलै

खारुताई,

मी तुला कोट शिवायला टाक म्हणालो. मला तोंड दाखवायला जागा नाही.

दोन दिवस जेवलो नाही. मामीनं शेवटी ताट आपटलं आणि म्हणाली, "उपास करून त्याची बोटं उगवणार असतील तर मीही करते." मग जेवलो.

धंदा बदलावा हे मी शिकवलं. वर्गात किती ऐटीत सांगायचो! शाबासकी मिळायची. मी ते कधी करून पाहिलं नव्हतं गं. माझे सगळे साक्षीदार दगडावर कोरलेले होते.

तू वर्तमानपत्रात निवेदन दे. स्वच्छ शब्दांत, पुस्तकातला साक्षीदार हा शिंपी नव्हे, हा माणूस त्या काळी इथे नव्हताच, याला झालेली इजा हा गुन्हा आहे. पोलिसांतही दे. खऱ्या माणसाबद्दल अवाक्षर नको. तुला विचारतील, विचारू देत. तू प्राध्यापक आहेस, तुझ्या मागे एक विद्यापीठ उभं आहे, तुला हात लावायला ते कचरतील.

ताबडतोब कळव.

मामा

२८ जुलै

मामा,

निवेदन दिलं, तुम्ही सांगितलं तसंच. दुसऱ्या दिवशी छापून आलं. शिंप्याच्या बायकोनं निरोप पाठवला, "बरं झालं." तेवढंच.

मग ते माझ्याकडे आले. पहिल्या वर्षाचा वर्ग चालू होता. मी फळ्याकडे पाठ करून उभी होते, मुलांचे चेहरे बदलले म्हणून दाराकडे वळले. सहा-सात जण होते. एकानं मुलांना म्हटलं, "तास संपला." मुलं गेली. मामा, सगळी गेली, आणि मला तेच बरं वाटलं.

त्यांच्याकडे माझं पुस्तक होतं. मला खुर्चीत बसवलं, एकानं मागून केस धरले. ते प्रकरण काढलं, शिंप्याचं. एकेक पान फाडून माझ्या तोंडात कोंबलं. "गिळ. तुझंच लिहिलेलं आहे, बाधणार नाही." मी दात आवळले तर फळा पुसायच्या डस्टरच्या लाकडानं तोंडावर मारलं. पुढचा एक दात पडला, दुसरा हलतोय. तुम्हाला वाटेल मी बाणेदारपणे थुंकले असेन. नाही. गिळली पानं. रक्तानं मऊ होतात, त्यामुळे जातात.

त्यांनी विचारलं, "शिंपी नाही, तर कोण?" मी बोलले नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, "आम्हाला घाई नाही. त्या गल्लीत दुकानं आहेत ओळीनं. एकेक करत जाऊ. कुणीतरी निघेलच."

मग माझ्या खोलीतली कपाटं लोटून दिली. बारा वर्षांच्या मुलाखतींच्या फिती पायांखाली तुडवल्या. विद्यापीठ माझ्यामागे उभं होतं हे खरं. व्हरांड्यात उभं होतं, दार लोटून घेऊन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं दुकान घेतलं. छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा. गळ्याचं हाड मोडलं, छत्रीची काडी गालातून आरपार. त्याला तर पुस्तक निघालंय हेही माहीत नव्हतं. त्याच्या पुढचं दुकान बांगड्यांचं, मग किल्ल्या बनवणारा, मग पुढे. त्या ओळीत तो आहे.

मी कुलगुरूंकडे गेले. त्यांच्याकडे कागद टाइप करून तयार होता. "बाई, सही करा आणि चहा घ्या," म्हणाले. कागदावर होतं, सदर पुस्तकातील प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लेखिकेने कल्पनेने रचलेला असून असा कोणीही इसम अस्तित्वात नाही.

मी सही केली. चहा घेतला नाही, तोंडात जखम होती.

साक्षीदारच नाही म्हटल्यावर शोधायचं कुणाला? त्या दिवसापासून बांगडीवाल्याकडे कुणी गेलं नाही. किल्लीवाल्याकडे नाही. पुस्तक परत मागवलं. प्राध्यापकपद काढून घेतलं, पदवीचा विचार पुढच्या बैठकीत होईल. मुकादमानं घरी फुलांचा गुच्छ पाठवला. चिठ्ठी वगैरे नाही, नुसती फुलं.

मी बरोबर केलं. तुम्ही तसं म्हणावं म्हणून लिहीत नाहीये, पण म्हटलंत तर बरं वाटेल.

खारुताई

३ ऑगस्ट

खारुताई,

नाही म्हणत.

मला माहीत आहे मी कुठे बसून लिहितोय. खिडकीशी, उशीला टेकून. मामी मागून ओरडतेय, "तुमचा दात पडलाय का? तुमच्या तोंडात कुणी कागद कोंबलेत का? मग पोरीला शहाणपण सांगू नका." ती बरोबर आहे. तरी लिहितो.

तू जिवंत माणसं वाचवलीस. त्याबद्दल मी तुझ्यापुढे वाकतो. पण आता कागदोपत्री ते सात जण पुन्हा चोर झाले. आधी मुकादम सांगत होता की ते चोर होते, आता इतिहासाची प्राध्यापक सांगते की वेगळं काही सांगणारा कुणी नव्हताच. त्यांच्या बायकामुलांनी तुला घरात घेतलं, जुने फोटो दाखवले. तुझ्या सहीचा तो कागद वर्तमानपत्रात आला, तो त्यांनी वाचला असेल.

आणि दुसरं, जे मला जास्त टोचतंय. ज्यानं तुला हे सांगितलं, त्याला विचारलंस का? त्यानं तुझ्याकडून नाव लपवायचं वचन घेतलं होतं. "तू बोललास ते खोटं" असं जाहीर करायची परवानगी दिली होती का? एखादा माणूस वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं एकदाच कुणापुढे काढतो, आणि ती बाई सही करून देते की असा माणूसच नाही. मारणारे निदान तो आहे असं धरून चालले होते.

कडू लिहिलं. फाडणार होतो, पण मग तुला काय पाठवणार होतो, कविता?

त्याला भेट. एवढंच.

मामा

१८ ऑगस्ट

खारू,

मी मामी. तुझं पत्र नाही म्हणून हे पोस्टमनला रस्त्यात गाठतात, त्यानं आता गल्ली बदललीय. ते पत्र पाठवल्यापासून ह्यांना झोप नाही. तुझं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलंय, मोठ्यानं. मी म्हटलं मनात वाचा, मला ते दार ऐकवत नाही.

त्यांनी काय लिहिलंय ते मी पाहिलं. तू ऐकू नकोस. भेटायला-बिटायला जाऊ नकोस कुणाला. सरळ इकडे ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

दाताचं काय केलंस? लिंबू खाऊ नकोस.

मामी

२६ ऑगस्ट

मामा, मामी,

मी पोलीस चौकीच्या बाकावर बसून लिहितेय. डावा हात गळ्यात बांधलाय, कोपराखाली मोडलाय. डाव्या कानानं ऐकू येत नाही. बाकी मी ठीक आहे, आणि या वेळी "ठीक" म्हणजे ठीक.

मामा, मी त्याला भेटले. तो घड्याळजी. आता सांगायला हरकत नाही. कारखान्यातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ दर आठवड्याला किल्ली देऊन चालू ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्या दिवशी तो खांबाआड शिडीवर होता. कोट नाही, मापं नाहीत. किल्ली हातात धरून शिडीवर उभा होता.

दुकानात गेले तर कपाळावर भिंग चढवून बसला होता. माझं निवेदन काचेखाली ठेवलेलं. म्हणाला, "या. तुमच्या मते मी नाहीच, तरी बसा."

मी सगळं समजावलं. छत्रीवाला, ओळीतली दुकानं, माझी सही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुम्ही मला लपवायचं कबूल केलं होतं. पुसायचं कोण म्हणालं?" तुमचंच वाक्य, मामा, जवळजवळ. मी म्हटलं, "ते तुम्हाला मारतील." तो म्हणाला, "ते कसं मारतात ते तुम्ही लिहिलंय. मी पाहिलंय." आणि वर म्हणाला, "त्या शिंप्याची बोटं गेली तेव्हाच मी उठायला हवं होतं. तुम्ही आलात तर येतो उठून, असं म्हणत बसलो. तुम्ही आलाच नाहीत."

मी हात जोडले. पाया पडायचीच बाकी राहिले. त्यानं भिंग खाली घेतलं आणि एका बाईचं मनगटी घड्याळ उघडलं. ते दुरुस्त करून देईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

परवा सकाळी त्यानं खुर्ची दुकानाबाहेर फुटपाथवर मांडली आणि जो येईल त्याला सांगायला लागला. भाषण नाही. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्याला सांगतात तसं. मी बातमी कळून पोचले तेव्हा तीसेक माणसं जमली होती. शिंपी होता, हात फडक्यात गुंडाळलेला. त्याची बायको गर्दी सारून पुढे गेली आणि तिनं घड्याळजीच्या थोबाडीत मारली. काडकन. "आता फुटली होय वाचा? तेव्हा काय घड्याळ गिळलं होतंस?" त्यानं चष्मा सरळ केला, "मार, बाई, तुझा हक्क आहे," म्हणाला आणि जिथे थांबला होता तिथून पुढे सांगायला लागला. ती तिथेच खाली बसली नि ऐकायला लागली.

मुकादमाची गाडी आली तेव्हा गर्दी फाटली. तो स्वतः उतरला. पासष्ट-सत्तरचा असेल, हातात वेताची जाड काठी, मुठीला पितळ. मागे दोन जण. मला वाटलं नाकारेल, शिव्या देईल. तो घड्याळजीकडे वाकून नीट बघत राहिला, जुना ओळखीचा भेटावा तसा.

"शिडीवर होतास होय तू?" म्हणाला. "मला वाटलं, किल्ली देऊन गेलास उतरून. वर बघायचं राहिलंच माझं."

हे सगळ्यांसमोर, मामा. बारा वर्षं मी जे एका तोंडून ऐकलेलं जपत होते, ते त्यानं भर रस्त्यात स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आणि मारलं. पितळी मूठ इथे, कानशिलावर. घड्याळजी खुर्चीसकट आडवा झाला. मग ते दोघं बुटांनी. मी एकाच्या हातावर लटकले, तेव्हा दुसऱ्यानं गज मारला, आधी कानावर, मग हातावर, हात मोडल्याचा आवाज मला माझ्या हातातून नाही, बाहेरून ऐकू आला. शिंप्याच्या बायकोनं तिची कात्री एकाच्या मांडीत घातली, मुठीपर्यंत. तिची कात्री मी तिला परत दिली होती. शिंपी मुकादमाच्या पायांत पडून त्याला ओढत होता, त्या तुटक्या हातानं. फडकं सुटलं, पकड बसेना. मुकादम लाथ मारून सुटला आणि खाली पडलेल्या माणसाच्या डोक्यावर पुन्हा तीच मूठ. पुन्हा. पुन्हा. म्हातारा झालाय पण त्याचा हात विसरला नव्हता. दमला तेव्हा थांबला, धापा टाकत. माझ्याकडे बघून म्हणाला, "लिहा आता."

दवाखान्याच्या वाटेवर घड्याळजीचा जीव गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. ते डोकं कसं लागत होतं ते मी लिहिणार नाही. काहीतरी बोलत होता, तो माझ्या गेलेल्या कानाच्या बाजूला होता. मला ऐकू आलं नाही.

गल्लीतली सगळी शटरं बंद. तीस माणसांतल्या कुणीच काही पाहिलं नाही. कुणी वळून दूध घेत होतं, कुणी चप्पल शोधत होतं.

आज मी जबाब द्यायला आले, शिंपी आणि त्याची बायकोही सोबत आहेत. अधिकाऱ्यानं लिहायला सुरुवात केली. विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. मी तिथे होते." त्यानं पेन खाली ठेवलं. फाइल उघडली, त्यात माझं निवेदन होतं. "बाई, तुम्ही गेल्याच महिन्यात लिहून दिलंय की तुम्ही साक्षीदार कल्पनेनं रचता. सही तुमचीच ना? उद्या त्यांचा वकील हा कागद नाचवेल. मी काय करू तुमच्या जबाबाचं?"

उद्धट नव्हता तो. खरंच विचारत होता. मी आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं, की एकदा खोटं ठरलेल्या माणसाचा पुरावा धरू नये.

तेवढ्यात शिंप्याची बायको उठली. तिनं नवऱ्याला दंडाला धरून पुढे ढकललं. "ह्याचं घ्या लिहून," म्हणाली. "ह्याच्यावर पहिला आळ आला तेव्हा ह्यानं काही पाहिलं नव्हतं. आता पाहिलंय."

तो घाबरलाय, मामा. तो मघाशी मला म्हणाला, "बाई, मी इथून बाहेर पडल्यावर ते डावा हात घेतील." तुमच्याकडून शिकलेली कुठलीही युक्ती मी त्याला सांगितली नाही. मग अधिकाऱ्यानं त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि धंदा विचारला.

तुम्ही दोघंही या. मामीनं माझी खोली झाडली असली तरी मी आता येऊ शकत नाही, मला इथे खटला संपेपर्यंत राहायचंय. मामा, त्या पत्राचं ओझं घेऊन येऊ नका. तुम्ही विचारायला सांगितलंत, मी विचारलं, त्यानं उत्तर दिलं.

समोर रस्त्यापलीकडे मुकादमाची गाडी उभी आहे, काचा वर केलेल्या. शिंपी आत आहे. दार उघडंच आहे, त्यामुळे मला चांगल्या कानानं सगळं ऐकू येतंय. तो सावकाश सांगतोय, अधिकारी मध्ये मध्ये थांब म्हणतोय, तो थांबतो, आणि पुढे सांगतोय.

खारुताई